आत्याबाईंना आडवं पडायचं होतं

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, आडवं पडून झोपायचं होतं. पाठ टेकून, पाय लांब करून, माणसं झोपतात तसं. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं. सोनं नको, नाणं नको, काशी नको. आणि नेमकं तेवढंच जमेना. जरा कलंडल्या की श्वास वर यायचा नाही. मग धडपडून उठून बसायच्या, तोंड उघडं टाकून दम खायच्या आणि माझ्याकडं अशा बघायच्या, जणू मीच जाऊन त्यांच्या उरावर बसले होते.

तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याला राहायचो. पुढं आमचं किराणा दुकान, मागं घर. मागच्या खोलीत भिंतीला लागून खाट, खाटेवर गाद्यांची वळकटी, वळकटीवर उशा आणि उशांना टेकून आत्याबाई. दिवसा तशाच, रात्री तशाच. त्या बसून डुलकी घ्यायच्या, मी खाली सतरंजीवर एक कान उघडा ठेवून पडायची. सकाळी पुन्हा चूल, लेकरं, दुकान, पाहुणे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाची झालेय, पण त्या दिवसांची झोप अजून फिटली नाही माझी.

सुरुवात चक्करेनं झाली. चुलीपुढं बसल्याबसल्या एकदम कलंडल्या. पुढं दोनदा तसंच झालं. परभणीच्या डॉक्टरांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. म्हणाले, ठोके फारच कमी पडताहेत, हृदयही थकलंय आणि मोठं झालंय, मशीन बसवावं लागेल. आधी औरंगाबादला न्यायचं ठरलं. पण ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज बंद, उद्या रास्ता रोको, निघालेली एसटी पोचेल की नाही याचा कुणाला भरवसा नाही. असलं माणूस घेऊन वाटेत अडकलो तर करायचं काय? आमचे मालक म्हणाले, हैद्राबाद बरं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना तसंही हैद्राबादच जवळचं वाटायचं. तेव्हाच्या छोट्या लाईनीच्या गाडीत आत्याबाईंना खिडकीशी बसवलं आणि गेलो.

तिथं आणखी एक नाटक झालं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात लिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. आपरेशनच्या आधी तिथली नर्स म्हणाली, गले का निकालो अम्मा. आत्याबाईंना निजामाच्या काळापासूनची दखनी चांगली यायची. त्यांनी एकच शब्द सांगितला, "नक्को." नर्स गेली, दुसरी आली, मोठी सिस्टर आली. आत्याबाई म्हणायच्या, "मला घरी न्या. लिंग काढलेलं माणूस आन् मेलेलं माणूस एकच." मालक बाहेर येऊन डोक्याला हात लावून बसले. शेवटी तिथल्या डॉक्टरनं स्वच्छ कपड्यात गुंडाळून ते लिंग त्यांच्या मुठीत दिलं आणि वरून पट्टी बांधली. मग बाई उशांना टेकून गप राहिल्या. खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं मशीन बसलं आणि तिथून एक तार हृदयात गेली.

परत आलो तर घराला जत्रेचं रूप. ज्याला त्याला ते मशीन बघायचं होतं. बायका पदराआडून बोट लावून बघायच्या आणि टिकटिक ऐकू येते का म्हणून कान लावायच्या. आत्याबाई म्हणायच्या, "घड्याळ हाय का ते? आन् बघायचंच आसंल तर तिकीट लावते." शेजारी माझी चुलतसासू राहायची. उभ्या गावाचं तिला ठाऊक. ती सगळ्यांना सांगत सुटली, की आता हिला मरण न्हाई, जीव थकला तरी मशीन चालूच ऱ्हातंय. मला वाटलं, मरणाचं राहू द्या, हिला झोप लागली तरी मी सुटले.

चक्कर गेली, ती गेलीच. तोंडावर जरा रंग आला. आत्याबाई अंगणापर्यंत चालू लागल्या. मी एक उशी काढली, मग दुसरी काढली. आणि महिना-दीड महिना झाला न झाला, तोच पुन्हा पाय सुजले. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायचं नावच घ्यायचा नाही. उशा परत लागल्या, वळकटी परत लागली.

पुन्हा परभणी. डॉक्टर भला माणूस, पण जिभेला धार. त्यांनी समजावून सांगितलं, की मशीन ठोका देतं, बळ देत नाही. हृदयाच्या दोन बाजू, तार गेलीय उजवीकडं. ती बाजू आधी ओढते आणि डावी मागनं येते. बैलजोडीतला एक आधी पाऊल उचलणारा आणि दुसरा रेंगाळणारा असला, तर गाडी ओढायला ताकद लागते आणि पुढं मात्र सरकत नाही, तसं.

आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग डावीकडंबी एक तार टाका की."

डॉक्टर हसले. "तसलं मशीन अजून निघालं नाही, आजी."

"न्हाई निघालं? येवढं हैद्राबादला जाऊन एकाच बैलाला कासरा बांधून आनला म्हना की."

त्या दिवसापासून मीठ बंद झालं. लोणचं, पापड, चटणी, चिवडा सगळं बंद. पाणी दिवसाला मोजकं, ते सुद्धा घोट घोट. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला मी वेगळं सांगायला नको. आणि हे सगळं बघायचं कुणी? मी. डॉक्टर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, बाई, ही जबाबदारी तुमची. मालकांनी मान हलवली. मान हलवायला काय जातंय.

मग माझी दोन दोन वरणं सुरू झाली. एक घरच्यांचं, एक अळणी. दोन भाज्या. लघवीची गोळी दिली की तासातासाला आत्याबाईंना उठवून न्हाणीपर्यंत न्यायचं, आणायचं, पुन्हा उशा लावायच्या. तेवढ्यात दुकानात कुणीतरी पावशेर साखर मागायचं. मी बसले आणि ताट संपवून उठले, असं एक जेवण मला आठवत नाही. आत्याबाई पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायच्या. "हे वरण हाय का भांडी धुतल्यालं पानी?" मी म्हणायची, "डॉक्टरला विचारा." त्या म्हणायच्या, "डॉक्टर कुठं रांधायलाय." इतकं सगळं करूनही सूज होती तिथंच. चुलतसासू येऊन पायाला अंगठा लावायची आणि माझ्याकडं बघून च्च् करायची. एकदा मालकसुद्धा हळूच म्हणाले, "तू चुकून मीठ टाकायलीस का काय?" त्या दिवशी मी त्यांच्यापुढं ताट आपटलं. ते तसंच उचलून गुपचूप जेवले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सरळ मलाच धरलं. "घरी मीठ देता?"

"न्हाई."

"मग ही सूज काय हवेतून येते?"

तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि परक्या माणसापुढं रडायचा माझा स्वभाव नाही. परतीच्या गाडीत पिंगळी स्टेशन येईपर्यंत मी आत्याबाईंकडं पाठ करून बसले. त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.

याच दिवसांत त्यांचं देवाधर्माकडं लक्ष वाढलं. सोमवार त्या पहिल्यापासून धरायच्या. आता प्रदोष धरला, शिवरात्र धरली, एकादशी धरली. मग गुरुवार आला, शनिवार आला. जेवणाचे वार कमी आणि उपासाचे जास्त, असं होऊन बसलं. गावात कौतुक. इतक्या आजारातही म्हातारी उपास सोडत न्हाई, पुण्यवान बाई. मलासुद्धा, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. कारण उपासाचं त्या माझ्या हातचं खायच्या नाहीत. लिंगपूजा झाली की धुतल्या लुगड्यानं खाटेजवळच स्टो घ्यायच्या आणि बसल्याबसल्या स्वतःपुरती भगर शिजवायच्या, शेंगदाण्याची आमटी करायच्या. मी दिवसभर दुकानात दहा जणांत वावरणारी, माझा हात त्याला चालायचा नाही. तेवढीच माझी एक चूल कमी. उपासाच्या दिवशी त्या जेवायच्याही पोटभर. मी म्हणायची, चला, दोन घास तरी गोड लागायलेत.

पुढच्या महिन्यात पाय तर पाय, पोटसुद्धा फुगलं. आत्याबाईंना बसूनही दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या. आत्याबाईंना वाटलं असावं, की आपलं जरा बरंही सांगावं. म्हणाल्या, "बाकी म्या उपास लय धरायलेय, डॉक्टर."

"बरं. उपासाला खाता काय?"

"भगर. आमटी. बटाटा."

"त्यात मीठ?"

"उपासाला कुठं मीठ आसतंय? शेंदेलोण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, शेंदेलोण म्हणजे मीठच हो."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की हा उंटावरचा शहाणा कुठून आला. "मीठ समुद्राचं. हे डोंगराचं. मीठ आसतं तर उपासाला चाललं आसतं का?"

खरं म्हणजे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात ते कधी मीठ म्हणून आलेलं नव्हतं. दुकानातसुद्धा मिठाचं पोतं बाहेर ओट्यावर आणि शेंदेलोणाची बरणी आत, कापूर आणि खडीसाखरेच्या शेजारी. डॉक्टरांनी मीठ बंद म्हटलं आणि आम्ही मीठ बंद केलं. जितके उपास वाढले तितकी सूज वाढली, आणि गाव तिला पुण्यवान म्हणत राहिलं.

गाडीत बसलो तेव्हा माझ्या अंगाचा नुसता भडका उडालेला. इतके महिने मी बोलणी खाल्ली, अळणी वरणं रांधली, ताट आपटलं, आणि ही बाई माझ्या डोळ्यांसमोर खारट आमटी भुरकत होती. मी विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा. म्हाईत होतं न तुमाला?"

त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "जिभेला कळत होतं. मनाला म्हनलं, देवाचं हाय, देवच बघंल."

मला राग आला, इतका की चालत्या गाडीतून उतरून जावं. आणि त्याच वेळी हसूही आलं. मी हसायला लागले तशा त्याही हसल्या आणि त्यांना दम लागला. मग मी पाठ चोळत बसले. दम बसल्यावर म्हणाल्या, "दिसभर बसून करावं काय मानसानं? तोंडाला तरी काही चव नगं का?" मग त्यांनीच विचारलं, "हे सोडलं तर झोपायला येईल का?"

"येईल म्हनतेत."

"मंग सोडते."

आणि सोडलं. दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्या तेव्हा लिंग हातावर घेऊन काहीतरी पुटपुटल्या आणि शेंदेलोणाची वाटी माझ्याकडं सरकवली. त्यानंतर मरेपर्यंत त्या बाईनं मिठाचा कण जिभेवर ठेवला नाही. एकदा शब्द दिला म्हणजे दिला, असली खमकी. अळणी भगर आणि अळणी वरण डोळे मिटून गिळायच्या, औषध घेतल्यागत.

गुण आला. पोट उतरलं, पायाच्या घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. आधी वळकटी गेली. मग एकेक उशी काढायला लागले. सकाळी उठून मी आधी उशा बघायची, मग चूल. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी एवढ्याच एका गोष्टीला चिकटून होतो. दोन उशांपर्यंत आलो आणि तिथं अडलो. दुसरी काढली की आत्याबाई थोडा वेळ दात आवळून पडायच्या, मग हात वर करायच्या आणि मी उठवायची. त्या म्हणायच्या, "उद्या बघू." मी म्हणायची, "उद्या बघू."

तो उद्या काही आला नाही. पावसाळा सरता सरता सूज पुन्हा चढली, आणि या वेळी मिठाकडं बोट दाखवायची सोय नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मग आणखी वाढवल्या. शेवटी मला बाहेर बोलावून म्हणाले, "ताई, तुमच्याकडनं काही कमी पडलं नाही. हृदयातच आता जोर राहिला नाही." आधी बाई म्हणायचे, त्या दिवशी ताई म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

पुढं फार वर्षांनी माझ्या भाच्याच्या सासऱ्यांना मशीन बसवलं, तेव्हा कळलं, की आता डावीकडंही तार टाकतात आणि दोन्ही बाजू बरोबर ओढायला लागतात. काहींना तर चांगलाच फरक पडतो म्हणे. ते गृहस्थ माझ्यासमोर पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांचं बरं झालं म्हणून नव्हे. आमच्या म्हातारीनं मागितलेली वस्तू ती गेल्यावर निघाली म्हणून.

शेवटी शेवटी वळकटीसुद्धा पुरेना. आत्याबाई पुढं वाकून, मांडीवर उशी घेऊन बसायच्या. बोलणं कमी झालेलं. एक दिवस म्हणाल्या, "एक डाव तरी आडवी कर गं मला. काय व्हायचं ते होऊ दे." मी मालकांना बोलावलं, दोघांनी धरून हळूहळू टेकवलं. अर्ध्यावरच त्यांचे डोळे पांढरे झाले. पुन्हा बसवलं. त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

त्या गेल्या दुपारी. मालक मालासाठी पूर्णेला गेलेले, दुकान बंद. मी तिथंच जवळ बसून डाळ निवडत होते. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, मोजलं नाही. थोड्या वेळानं मान वर केली तर त्या बसलेल्याच होत्या, उशीवर हात ठेवून. पण ते बसणं निराळं होतं.

मी कुणाला हाक मारली नाही. आधी त्यांच्या मांडीवरची उशी काढली. मग पाठीमागच्या काढल्या, वळकटी ओढून खाली टाकली. खांद्याला धरून त्यांना सरळ झोपवलं. पाय लांब केले, लुगडं घोट्यापर्यंत ओढलं. धडपड नाही, हात वर नाही. पाठ पूर्ण टेकली. मी बराच वेळ बघत बसले आणि मग चुलतसासूला हाक मारली.

ती रडत आली, बाकीच्या बायका मागोमाग. खाटेपाशी आली आणि तिचं रडणं थांबलं. "आडवं कोनी केलं हिला?"

मी म्हणाले, "म्या केलं."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. मांडी घातलेली, पाठ ताठ, हातात लिंग. अंग आखडायच्या आत भिंतीला टेकवून बसवावं लागतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या सासऱ्यांना बसवलं तेव्हा मीच विभूती कालवून दिली होती. तरी चुलतसासूनं त्यांच्या काखेत हात घातला, तशी मी आडवी गेले. "न्हाई बसवायचं. वर्सा-दीडवर्साची बसूनच हाय ती. आता पडू द्या."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलं. तेवढ्यात मालक आले, आमच्यातले विधी करणारे गावातले स्वामी आले. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. आत्याबाईंकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "हे बघ माय, आपल्यात बसूनच जावं लागतंय. तिथं माझं चालत न्हाई आन् तुझंबी न्हाई. पन आंघोळ घालायची हाय अजून. पानी तापेस्तोवर ऱ्हाऊ द्या तिला तशी."

पाणी तापवायला मीच उठले. अंगणातल्या चुलीवर हंडा चढवला. शेजारी छपराखाली कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा होता, काडी लावली की भडकणारा. त्याला मी हात लावला नाही. पावसात भिजलेलं बाभळीचं एक खोड चुलीत सारलं आणि धूर काढत बसले. आतून रडण्याचा आवाज येत होता. मला रडू तिथं आलं, धुराच्या आडोशाला.

"तापलं का गं?" चुलतसासूनं आतून विचारलं.

"न्हाई अजून."

परत थोड्या वेळानं विचारलं. मी बोट घालून बघितलं, तर पाणी चांगलं कढत झालेलं. मी शेजारची गार पाण्याची कळशी उचलली, हंड्यात ओतली आणि चुलीतलं खोड मागं ओढलं. वर बघितलं तर चुलतसासू दारात उभी. तिनं चूल बघितली, रिकामी कळशी बघितली, कोरडा भारा बघितला. मला वाटलं, आता ही सगळ्या गावापुढं माझा उद्धार करणार.

ती तशीच मागं वळली आणि आतल्या लोकांना म्हणाली, "लाकडं वली हायेत. वेळ लागंल."